जुन्या थार सीआरडीईचा चेपलेला डाऊनपाईप बदलायचाय: अडीच इंची की तीन?

सिडको_थार

नमस्कार मंडळी. गाडी थार सीआरडीई, २०१३ ची, एमएच १५, मी दुसरा मालक. रोजची गाडी नाही. पावसाळ्यात चिखल, एरवी त्र्यंबक-हरसूलकडच्या कच्च्या वाटा, एवढंच काम.

तक्रार अशी की कसारा घाट चढताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते. मित्राकडे हेच मॉडेल आहे, त्याचा टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) १८०० आरपीएमच्या आसपास उचलतो. माझा २३०० शिवाय जागाच होत नाही. पाय पूर्ण दाबला की मागे काळा धूर, आणि पायाशी भट्टी पेटल्यासारखी गरमी. चेक इंजिनचा दिवा लागत नाही.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवे टाकले. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणारा) होजमध्ये हवा भरून साबणाचं पाणी मारून पाहिलं, कुठे बुडबुडा नाही. मग गाडी रॅम्पवर चढवली. टर्बोपासून कॅटकडे (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) येणारा पाईप, म्हणजे डाऊनपाईप, एका वाकावर पार चपटा झालाय. वरच्या बाजूला कुणीतरी पूर्वी कापून ओबडधोबड वेल्डिंग केलंय, म्हणजे हा कंपनीचा पाईप नाहीच. व्हर्निअर लावला तर बाहेरून उंची २१ मिमी. बाकीचा पाईप गोल आहे, बाहेरून ५१, म्हणजे दोन इंची. खाली दगडाचे ओरखडेही आहेत, त्यामुळे थोडा वाकवताना चेपला आणि उरलेला दगडावर आपटून, असं वाटतं.

पाईप नवाच करून घ्यायचा ठरवलाय. किती इंची करू? लोखंडी की स्टेनलेस? आणि नाशकात हे काम नीट कोण करेल?

सुसाट_३०००

भावा, विचार कसला करतो. तीन इंची सरळ पाईप मार टर्बोपासून मागपर्यंत, मधला कॅट उडव, सायलेन्सरच्या जागी सरळ नळी. वर रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदल. गाडी ओळखणार नाहीस. आमच्या ग्रुपमध्ये दोघांनी केलंय, आवाज असला कडक येतो ना राव!

देवळाली_ईएमई

सिडको_थार, आधी तुमचं कौतुक, कारण तुम्ही होज तपासून मग पाईपकडे आलात. बहुतेक जण उलटे जातात आणि पाईपवर पंधरा हजार घालवल्यावर कळतं की इंटरकूलरची क्लिप ढिली होती.

आता हिशेब. पाईपची जाडी दीड मिमी धरली तर गोल भागात आतला व्यास ४८ मिमी, क्षेत्रफळ साधारण १८०० चौरस मिमी. चेपलेल्या जागी आतली उंची उरली १८ मिमी. पत्र्याचा परीघ तेवढाच राहतो, फक्त आकार लांबट होतो. त्या लांबट तोंडाचं क्षेत्रफळ येतं सुमारे ११०० चौरस मिमी. म्हणजे वाट चाळीस टक्के बंद.

टक्के ऐकून जेवढं वाटतं त्याहून प्रकरण वाईट आहे. दाबाचा तोटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वाट ०.६ झाली की वेग पावणेदोन पटीच्या जवळ जातो आणि त्या जागेचा तोटा पावणेतीन पटीच्या आसपास. शिवाय हे वाकावरच झालंय, तिथे वायू आधीच बाहेरच्या भिंतीकडे ढकलला गेलेला असतो.

टर्बोच्या गाडीत याचा परिणाम कसा होतो ते बघा. टर्बाईन (टर्बोचं धुराच्या जोरावर फिरणारं चाक) फिरतं ते त्याच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांतल्या फरकावर. पलीकडे दाब साठला की फरक कमी, टर्बाईन सुस्त. हवा उशिरा आणि कमी येते, डिझेल पूर्ण जळत नाही, काळा धूर येतो. एक्झॉस्टचं तापमान चढतं, ती गरमी तुमच्या पायाशी येते. तुमची तिन्ही लक्षणं यात बसतात.

तरीही, पाईप कापायच्या आधी बॅकप्रेशर, म्हणजे पाईपमध्ये अडून साठणारा दाब, मोजा. कॅट अर्धा बुजलेला असेल तर नवा पाईप टाकूनही घाटात तेच होणार.

सिडको_थार

काका, मोजायचं कसं? गॅरेजवाला म्हणाला असलं यंत्र त्याच्याकडे नाही.

देवळाली_ईएमई

यंत्र कसलं लागतंय. ० ते १ बारचा छोटा गेज, अर्धा मीटर तांब्याची नळी, पुढे सिलिकॉनची होज. ऑक्सिजन सेन्सर ज्या आट्यांत बसतो तो १८ मिमी, दीड पिचचा नट कुठल्याही सायलेन्सरवाल्याकडे मिळतो. असे दोन नट पाईपवर वेल्ड करायचे. एक चेपलेल्या जागेच्या आधी, टर्बोपासून थोडा खाली. दुसरा चेपलेल्या जागेनंतर, कॅटच्या आधी. काम झालं की बोल्ट लावून बंद.

भोकं पाडताना पाईप गाडीवरून उतरवा. तसंच ड्रिल मारलं तर किस थेट कॅटच्या जाळीत जाऊन बसतो. तांब्याची नळी गुंडाळी करून लावा, म्हणजे वायू गेजपर्यंत पोचेस्तोवर थंड होतो. रबराची होज थेट लावली तर पहिल्याच चढावर वितळेल.

वाचन उभ्या गाडीत रेस देऊन घेऊ नका. लोड नसताना डिझेल इंजिनातून वायू फार कमी जातो, आकडा खोटा वाटेल इतका छान येतो. घाट लागतो. तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली, ३००० च्या वर. शेजारी बसलेला माणूस गेज वाचेल, तुम्ही रस्ता बघा.

पहिल्या नटावर ०.१ बारच्या आत आकडा आला तर पाईपला हात लावू नका, दोष दुसरीकडे आहे. ०.२ च्या पुढे गेला तर इलाज हवाच. आणि दोन्ही नटांमधला फरक म्हणजे तुमच्या चेपलेल्या वाकाची किंमत.

म्हसरूळ_अण्णा

पण बॅकप्रेशर थोडं हवंच असतं ना? आमचा जुना मिस्त्री म्हणायचा, पाईप मोठा केला की खालचा टॉर्क जातो.

देवळाली_ईएमई

अण्णा, मिस्त्रीचा अनुभव खरा असणार, पण तो बिनटर्बोच्या पेट्रोल गाड्यांचा असेल. तिथे एका सिलिंडरमधून निघालेल्या वायूची लाट पुढच्या सिलिंडरला ओढून रिकामं करते. पाईप फार मोठा केला की वेग पडतो, ती ओढ जाते, खालचा टॉर्क कमी होतो. लोक त्यालाच बॅकप्रेशर हवं असं म्हणतात, पण हवा असतो तो वेग. अडथळा कुठल्याच इंजिनाला नको असतो.

टर्बोच्या पलीकडे ती लाट टर्बाईनच्या पात्यांनी मोडूनच टाकलेली असते. तिथे जितकी मोकळी वाट तितकं बरं. फक्त मोकळी म्हणजे किती, हा पैशाचा आणि जागेचा प्रश्न आहे.

सुसाट_३०००

बघ, काकाच म्हणतायत मोकळी तितकी बरी. म्हणून तीन इंची!!

देवळाली_ईएमई

पुढचं वाक्यही वाचा राव. १०५ अश्वशक्तीच्या इंजिनाला दोन इंचीवरून अडीच इंची केलं की सरळ पाईपमधला तोटा साधारण तीन पटीने कमी होतो. चेपलेला वाक गेला की त्याहून जास्त. त्यानंतर उरतो तो तोटा इतका बारीक असतो की तो अर्धा केला काय आणि पाव केला काय, पायाला कळत नाही. उलट ७६ मिमीचा पाईप प्रॉपेलर शाफ्ट, चॅसीचा क्रॉसमेंबर आणि ब्रेकच्या नळ्या यांच्यामधून नेताना कुठेतरी परत चेपावा लागतो. मग केलं काय?

अमेरिकेतल्या जुन्या जीप चेरोकी एक्सजेची गंमत ठाऊक आहे का? चार लिटरच्या त्या पेट्रोल गाडीचा डाऊनपाईप पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला जागा मिळावी म्हणून कारखान्यातूनच चेपून यायचा. तिकडचे लोक अजून तो बदलत बसतात. फोर बाय फोरमध्ये खालची जागा ही कायमची रड आहे.

पीयूसी_पाहा

कॅट उडव म्हणणाऱ्यांसाठी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा: गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

पीयूसीला डिझेल गाडीची फ्री अ‍ॅक्सिलरेशन चाचणी होते. बीएस-४ गाडीला धुराची मर्यादा १.६२ प्रतिमीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. आरसीवर काय लिहिलंय ते बघून घ्या. चेपलेला पाईप बदलून त्याच मार्गाने, त्याच कॅटला नेला तर ती दुरुस्ती झाली. कॅट काढला तर तो बदल झाला, आणि अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा सर्व्हेअर खाली वाकून बघतो हेही लक्षात असू द्या.

सुसाट_३०००

नाशकात कोण बघतंय हो खाली वाकून.

व्यवस्थापक

सुसाट, कॅट काढायचे सल्ले या धाग्यावर नकोत. बाकी बोला.

गोदाकाठ_जिप्सी

मध्येच घुसल्याबद्दल माफी. माझी जिप्सी एमपीएफआय आहे, १२९८ सीसी, हेडर (इंजिनातून धूर गोळा करणारा पाईप) आणि डाऊनपाईप दोन्ही सडलेत. वर काकांनी बिनटर्बोचं सांगितलं ते मला लागू ना? एक जण म्हणतो सव्वादोन इंची टाक.

देवळाली_ईएमई

तुम्हाला अगदी लागू. ८० अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाला सव्वादोन इंची म्हणजे खालचा उरलासुरला जोर पण घालवणं, आणि जिप्सीला डोंगरात जोर खालीच लागतो. मूळ मापाचाच पाईप, फक्त वाक गोल ठेवून करा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कुठेही जोड गळका राहू देऊ नका. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत बसतो. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून लोक इंजेक्टर साफ करत बसतात आणि गळती असते पॅकिंगमध्ये.

सिडको_थार

मोजून आलो. रविवारी पहाटे निघालो, म्हणजे घाटात ट्रक कमी. शेजारी मेव्हणा गेज धरून, त्याचा आरडाओरडा वेगळाच.

कसारा चढताना तिसऱ्यात ३२०० ला पाय पूर्ण दाबून: चेपलेल्या जागेच्या आधी ०.३१ बार, नंतर ०.१४. परत जाऊन पुन्हा घेतलं, आकडे तेच.

देवळाली_ईएमई

सोळा आणे उत्तर मिळालं. एकट्या त्या वाकावर ०.१७ बार. उरलेले ०.१४ कॅट, सायलेन्सर आणि मागचा पाईप मिळून आहेत. या वयाच्या गाडीला ते चालण्यासारखं आहे, कॅट बुजलेला नाही. फक्त टर्बोपासून कॅटपर्यंतचा तुकडा बदला, अडीच इंची, मागचं सगळं तसंच ठेवा. कॅटच्या तोंडाशी शंकू देऊन मूळ मापावर आणा. शंकू लांबट घ्या, एकदम पायरी नको.

सातपूर_आर्गन

आता माझं क्षेत्र आलं म्हणून लिहितो. सातपूर एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो. आमचं मुख्य काम डेअरी आणि वाईनरीच्या स्टेनलेस पाईपिंगचं, पण मित्रांच्या गाड्यांचे पाईप हातून गेलेत. नाशकात या कामाचा एक फायदा आहे, वाईनरी आणि दूध प्लांटमुळे स्टेनलेसचे तयार बेंड आणि आर्गन वेल्डिंगचा चांगला हात दोन्ही इथेच मिळतात. सायलेन्सरच्या दुकानात पाईप वाकवायचं जे मशीन असतं ते पाईप दाबून वाकवतं, आतल्या बाजूला सुरकुती येते आणि वाट बारीक होते. तुमच्या पाईपचं निम्मं दुखणं तिथलंच असावं. मँड्रेल बेंड घ्या, म्हणजे आत गोळा घालून वाकवलेला. तो वाकावरही गोलच राहतो. ४५ आणि ९० अंशांचे बेंड घ्यायचे, कापून जुळवायचे.

मटेरियल. माईल्ड स्टील स्वस्त, वेल्डिंग कुणीही करेल, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि तुम्ही चिखलात घालता त्यात चार-पाच वर्षांत जाळी होते. ३०४ स्टेनलेस गंजणार नाही, पण गरम झाल्यावर जास्त वाढतं. ८० सेंटिमीटरचा पाईप ४०० अंशांनी तापला की ३०४ साधारण साडेपाच मिमी लांब होतो, माईल्ड स्टील पावणेचार. म्हणून ३०४ वापरलं तर मध्ये फ्लेक्सिबल तुकडा घालाच. नाहीतर ती वाढ टर्बोच्या स्टडवर आणि कॅटच्या जोडावर जाते आणि वेल्डच्या कडेने चीर पडते. ४०९ स्टेनलेस हे दोघांच्या मधलं. कंपन्या बहुतेक तेच वापरतात, कमी वाढतं, वरून तपकिरी दिसतं पण आतून टिकतं. सुटं ४०९ किरकोळीत मिळवायला मात्र वणवण होते.

फ्लँज (पाईपच्या तोंडाची बोल्टने आवळायची चकती) दहा मिमीची प्लेट घ्या, पातळ नको. वेल्ड करताना ती वाकते, मग कितीही पॅकिंग लावा, फुसफुस चालूच. आम्ही फ्लँज आधी दुसऱ्या जाड प्लेटला बोल्टने आवळतो आणि मगच वेल्ड करतो, पूर्ण थंड होईपर्यंत सोडत नाही. तरी शेवटी लेथवर एक हात मारून तोंड सपाट करून घ्यावं.

आणि वेल्डरला विचारा, आतून आर्गन सोडणार का. बाहेरून सुंदर दिसणारा वेल्ड आतून काळ्या खवल्यांनी भरलेला असतो, आत गॅस नसेल तर. ते खवले सुटून पुढे कॅटमध्ये जातात. जुन्या लोखंडी तुकड्याला स्टेनलेस जोडायचं असेल तर ३०९एल ची तार, ३०८ची नाही.

म्हसरूळ_अण्णा

वाईनरीवाल्यांनी थार पळवायला मदत करावी, हे आमच्याच गावात होऊ शकतं.

सिडको_थार

सातपूरदादा, तुम्हीच करून द्याल का? आणि टर्बोचे स्टड पाहून घाम फुटलाय. नट गंजून गोल झालेत, पाना फिरतो.

सातपूर_आर्गन

मेसेज करा, गणपती झाल्यावर वेळ आहे.

स्टडसाठी घाई नको. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा. इंजिन थंड असताना नट जोराने ओढला तर स्टड मुळाशी तुटतो आणि मग टर्बो उतरवून ड्रिल, म्हणजे काम चौपट. आम्ही नटालाच ब्लोलँपने लाल करतो. नट फुगतो, स्टड त्या मानाने कमी, आणि मग सहा कोनांच्या सॉकेटने थोडं उलटं, थोडं सुलटं. गोल झालेला नट असेल तर त्यावर एक मोठा नट ठेवून आतून वेल्ड मारायचा. वेल्डची उष्णता पण मदत करते. जवळ डिझेलची रबरी नळी असेल तर आधी ती बाजूला, वर ओलं फडकं. हे हसण्यावारी नेऊ नका.

नवीन स्टड आणि तांब्याचा मुलामा असलेले नट लावा. साधे नट पुढच्या वेळी पुन्हा असाच त्रास देतात.

इगतपुरी_फोरबायफोर

थोडं अनुभवाचं. माझ्या स्कॉर्पिओला डाऊनपाईप केला तेव्हा मिस्त्रीने रॅम्पवर उभ्या गाडीत सगळं छान बसवलं. पहिल्याच खडबडीत वाटेवर पाईप क्रॉसमेंबरला ठोकायला लागला. इंजिन आपल्या रबरांवर डुलतं, रेस दिली की एका बाजूला झुकतं, आणि पाईप त्याच्यासोबत जातो. बसवताना एकाने रेस देऊन इंजिन हलवायचं आणि दुसऱ्याने खालून बघायचं. २५ मिमी मोकळी जागा चहूकडून हवी. चाकं लोंबकळती ठेवूनही बघा, अ‍ॅक्सल खाली गेला की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो.

क्लचची हायड्रॉलिक नळी आणि ब्रेकच्या नळ्या पाईपपासून लांब ठेवा. पत्र्याची ढाल लावा, मध्ये बोटभर हवा सोडून.

गोदाकाठ_जिप्सी

ढालीऐवजी ती पांढरी पट्टी गुंडाळली तर? हीट रॅप. दिसते भारी.

इगतपुरी_फोरबायफोर

ताई-दादा जे कोणी असाल, इगतपुरीच्या पावसात ती पट्टी ओली राहते. लोखंडी पाईप तिच्याखाली सडलेला मी पाहिलाय, वरून पट्टी नवीकोरी. नदी-नाल्यात गाडी घालणाऱ्याने तर मुळीच नको. स्टेनलेसवर चालेल, पण चिखल त्यात घुसला की महिनाभर वास येतो.

सुसाट_३०००

ठीक आहे, कॅट ठेवा. पण अडीच इंची डाऊनपाईप टाकल्यावर रिमॅप न करता काय फायदा? पॉवर तर डिझेल वाढल्याशिवाय वाढत नाही.

देवळाली_ईएमई

हा प्रश्न चांगला विचारलास. खरंच, डिझेल इंजिनाची ताकद डिझेलवर ठरते. पण या गाडीत कंपनीने ठरवलेलं डिझेल नीट जळतच नव्हतं, कारण हवा उशिरा येत होती. पाईप मोकळा केल्यावर मिळेल ते गाडीचं स्वतःचंच, जे अडलं होतं तेवढं. १०५ चे १२५ होणार नाहीत. त्यासाठी कुणी पैसे घालत असेल तर घालू नये.

एक सावधगिरी. टर्बाईन हलकं झालं की कधी कधी बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) ठरलेल्या मर्यादेच्या वर जातो, विशेषतः वेस्टगेटचा (टर्बोला बगल देऊन जादा धूर सोडणारी झडप) दांडा गंजून जड झालेला असेल तर. ईसीयूला ते दिसलं की ताकद कापतो. स्कॅनरवर पी०२३४ आला तर तोच. पाईप उतरवलेला असेल तेव्हा वेस्टगेटचा दांडा हाताने हलतो का ते बघून घ्या, नंतर तिथे हात पोचत नाही.

सिडको_थार

झालं काम! दिवाळीच्या आधी.

३०४, अडीच इंची, टर्बोखाली एक ९० चा आणि पुढे दोन ४५ चे बेंड, त्यानंतर फ्लेक्सिबल, मग लांबट शंकू करून मूळ कॅट. फ्लँज दहा मिमी, लेथवर सपाट केलेली. पॅकिंग पत्र्याच्या थरांचं. एक स्टड तेवढा तुटला, पण वर अर्धा इंच शिल्लक होता, त्यावर नट वेल्ड करून निघाला. वेस्टगेटचा दांडा काकांनी सांगितलं तसा खरोखर जड होता, तेल आणि हातानेच मोकळा केला. मटेरियल, लेथ, मजुरी सगळं धरून साडेतेरा हजार. सातपूरदादांनी मित्राचा भाव लावला, हे मला ठाऊक आहे.

दोन्ही नट नव्या पाईपवरही ठेवले, म्हणजे तुलना करता आली. तोच घाट, तोच गिअर, तेच ३२००. आधी: ०.१६. नंतर: ०.१४. म्हणजे नवा पाईप फक्त ०.०२ खातो.

गाडीत फरक म्हणाल तर १९०० च्या आसपास उचलते. तिसऱ्यात घाट चढते, दुसऱ्यात उतरावं लागत नाही. काळा धूर पाय दाबल्याच्या पहिल्या क्षणाला थोडा येतो, मग साफ. पायाशी गरमी आहेच, पण पूर्वीसारखी नाही. ती कमी झाली यात ढालीचा वाटा किती आणि पाईपचा किती, देव जाणे. वरच्या आरपीएमला फरक जाणवत नाही. आवाज जवळजवळ तोच, सुसाटला दुःख होईल.

पीयूसीही काढली, ०.९ आलं.

सुसाट_३०००

आवाज नाही तर काय उपयोग. (अभिनंदन भावा.)

पीयूसी_पाहा

पीयूसीचा कागद आणि फॅब्रिकेशनचं बिल दोन्ही गाडीत ठेवा. बिलावर "एक्झॉस्ट पाईप दुरुस्ती" लिहून घेतलंय ना?

सिडको_थार

घेतलंय. काका, आता काय काय बघत राहू?

देवळाली_ईएमई

थोडी गाडी पळाली की फ्लँजचे नट पुन्हा आवळा, थंड असताना. नवं पॅकिंग दबतं आणि नट ढिले पडतात. फ्लँजच्या कडेला काजळीची काळी रेघ दिसली तर तिथे गळती आहे असं समजा. पावसाळा संपला की फ्लेक्सिबलच्या बाहेरची जाळी बघा, एखादी तार तुटली असेल तर तो तुकडा बदला, वाट बघू नका. आणि लांब घाट चढून आल्या आल्या गाडी थेट नदीत घालू नका. पाईपला काही होणार नाही, स्टेनलेस आहे, पण टर्बोचं घर ओतीव लोखंडाचं असतं. पाच-दहा मिनिटं उभी करा, चहा प्या, मग घाला.

सातपूर_आर्गन

फ्लेक्सिबल बदलायचा झाला तर अख्खा पाईप उतरवायला नको, दोन्ही बाजूंना व्ही-क्लँप दिलेत. आणि ते दोन नट बोल्ट लावून बंद केलेत ना? बोल्टवर कॉपर ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी तेही ब्लोलँपने काढावे लागतील.

गोदाकाठ_जिप्सी

सातपूरदादा, माझ्या जिप्सीचं पण कराल का? मूळ मापाचा, वाक गोल ठेवून. मी आणि गाडी दोघी गंगापूर रोडला असतो.

सातपूर_आर्गन

ताई, जुना हेडर आणि डाऊनपाईप उतरवून घेऊनच या, मापाला तोच लागेल. सडला असला तरी फेकू नका. फ्लँजची भोकं त्याच्यावरूनच मारावी लागतात.